अर्जाचा चहा आणि माझा उपास

माझ्या रक्तात साखर वाढली आहे, हे मला संकष्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कळले, आणि या योगायोगाचा मला विलक्षण राग आला. ज्या माणसाने आदल्या दिवशी चंद्रोदयापर्यंत उपास केला, त्याच्या रक्तात साखर आली कोठून, असा माझा सरळ प्रश्न होता. तो मी पारनाक्याजवळच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना त्याच शब्दांत विचारला.

उपासाला काय काय खाल्ले, असे त्यांनी विचारले. लपवण्यासारखे काही नसल्याने मी क्रमवार सांगितले. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चारच्या सुमारास गुळात घोळलेल्या रताळ्याच्या चकत्या, केळे आणि दूध. रात्री चंद्रदर्शनानंतर उपास सोडणे आले, म्हणजे वरणभात, बटाट्याची भाजी आणि नैवेद्याचे मोदक, जे देवाने न खाल्ल्यामुळे कोणीतरी खाणे भाग होते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि अत्यंत नम्रपणे विचारले,

"काका, मग तुम्ही उपाशी कधी असता?"

शब्दांत मला कोणी असे सहसा पकडत नाही. मी वसईच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखालच्या पत्र्याच्या आडोशाला बसून अर्ज लिहितो. नव्वदीचे दशक तेव्हा संपत आले होते. कचेरीत संगणक येणार अशी नुसती बातमी होती, आणि माझे टंकलेखनयंत्र तालुक्यात मान राखून होते. वारसनोंद, हद्दीचा वाद, रेशनकार्डातले वगळलेले नाव, विहिरीवरचा हक्क, अशा प्रत्येक प्रकरणाला मी भाषा पुरवली आहे. आजवर माझा एकही अर्ज मजकूर समजत नाही म्हणून परत आलेला नाही. लांब आहे म्हणून एखादा आला असेल, पण ती उणीव वाचणाऱ्याची.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे राहिले त्याला कारण होते, आणि ते कारणच या हकिगतीच्या मुळाशी आहे. माझे वडील कोकणातून येऊन इथल्या एका मिठागरावर दिवाणजी झाले. त्यांचे अक्षर मिठागराच्या मालकालाही वाचताना दडपण यावे असे होते. त्यांच्या रक्तातही हीच साखर होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि तिने त्यांचे डोळे नेले. एकाएकी नाही, हळूहळू. आधी बारीक अक्षर गेले, मग मोठे, मग माणसांचे चेहरे. मग माझी शाळा सुटली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी आलेली पत्रे, संध्याकाळी पोथी, असे सगळे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. मालकाला पाठवायची पत्रे ते सांगत आणि मी उतरवून घेई. एखादा शब्द हलका पडला तर ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणत, "हा शब्द उभा राहत नाही, दुसरा घे." माझी सगळी भाषा तिथली आहे. शाळेला तिचे श्रेय देता येत नाही.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितले तेव्हा त्या थोड्या गंभीर झाल्या. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला त्यांनी मला पाठवले. पडदा स्वच्छ निघाला. पण साखर अशीच राहिली तर तो तसाच राहील अशी हमी मी देणार नाही, हे त्यांनी स्पष्ट बजावले. ज्याचे पोट डोळ्यांवर चालते त्याला याहून अधिक भीती घालण्याची गरज नसते.

मग त्यांनी आदेश दिला. दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात दोनदा जेवायचे, पोटभर जेवायचे. उरलेल्या वेळात काही खायचे नाही. पोटाला सुट्टी. साबुदाण्याला कायमची सुट्टी. त्या आमच्याच भागातल्या ख्रिस्ती घरातल्या असल्याने मुदतही त्यांनी ईस्टरची घातली. ईस्टर झाला की पुन्हा रक्त तपासायचे, आणि तेव्हाही आकडा खाली नसेल तर गोळ्या सुरू, त्या मग सहसा सुटत नाहीत. आदेश मला पटला. फक्त त्याची शब्दरचना मला जरा ढिली वाटली, आणि ती तशी होती हे पुढे सिद्ध झाले.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक स्टॅम्पव्हेंडर बसतात. ते जवळच्या वटार गावचे, ख्रिस्ती, घरी केळीची बाग. आमची टेबले इतकी वर्षे एकमेकांना लागून आहेत की अर्जदार त्यांना एकच टेबल समजतात. ते मला मास्तर म्हणतात. मी आठवीत शाळा सोडली हे ठाऊक असल्यामुळेच म्हणतात. त्यांना मी आदेश सांगितला आणि उपासाची मला लहानपणापासून सवय असल्याने अडचण येणार नाही, असेही सांगितले.

"तुझ्या उपासाला साबुदाणा लागतो, मास्तर," ते म्हणाले. "आमच्याला नुसतं पोट लागतं."

आमच्या धर्मात उपासाची परंपरा हजारो वर्षांची आहे, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले.

"म्हणूनच त्याला मधेमधे खावं लागतं," ते म्हणाले.

त्यांचा उपवासकाळ त्याच आठवड्यात राखेच्या बुधवारी सुरू होत होता. त्या काळात ते दिवसाला एकच पूर्ण जेवण घेत, आणि तंबाखू संपूर्ण बंद. बरोबरच सुरू करू, असे ठरले. बुधवारी ते चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आले, मी गंध लावून आलो, आणि आम्ही दोघे रिकाम्या पोटाने शेजारी शेजारी बसलो. एका अर्जदाराने आज कचेरीला सुट्टी आहे का, असे हळूच विचारले. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला तसे वाटले असावे.

भूक या विषयावर मला तोवर काहीच माहिती नव्हती, हे पहिल्याच सकाळी लक्षात आले. कचेरीमागे एक टपरी आहे. चहा, भजी, बटाटेवडे. दहाच्या सुमारास तिथली कढई तापते आणि वाऱ्याची दिशा कोणतीही असली तरी वास चिंचेखालीच येतो. त्या वासाबरोबर माझी भूक उभी राहिली ती एखाद्या चिडलेल्या अर्जदारासारखी. आत्ताच्या आत्ता साहेबांना भेटायचे आहे, मी किती वर्षांचा जुना माणूस आहे, अशी तिची भाषा. पहिल्या दिवशी मी घाबरलो. हात थरथरतात की काय, असे वाटून यंत्रावरून बोटे काढून मी ती निरखून पाहिली. ती थरथरत नव्हती. ती फक्त वड्याच्या दिशेला होती.

व्हेंडर म्हणाले, तिला बसायला सांग. मी मोठ्या फुलपात्रातून पाणी प्यालो आणि एका गुंतागुंतीच्या हद्दीच्या वादात डोके घातले. अर्ध्या तासाने पाहतो तर भूक निघून गेली होती. हा माझा पहिला शोध. भूक ही सतत बसून राहत नाही. ती आपल्या ठरल्या वेळेला येते, कारण तिला त्या वेळेला भेट देण्याची सवय आपणच लावलेली असते. गडबड करते, आणि साहेब कामात आहेत असे दिसले की उठून जाते. मात्र तिच्याशी वाद घालू नये. वाद घातला की ती खुर्ची ओढून बसते.

काही दिवसांनी मला तिच्या वेळा पाठ झाल्या, आणि त्या वेळेला मी सर्वांत कठीण काम समोर घेऊ लागलो. टपरीकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवली. लिंबू पिळलेले पाणी, त्यात मिठाची चिमूट, हे सकाळचे पेय ठरवले. बाराला जेवायला बसल्यावर भातावर तुटून न पडता आधी भाजी, मग वरण, मग भाकरी, असा क्रम लावला, कारण उपाशी माणूस पहिल्या घासाला जे पुढे येईल त्याच्या स्वाधीन होतो. हे सगळे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

एक परिणाम मात्र अनपेक्षित होता. माझे अर्ज आखूड होऊ लागले. पूर्वी मूळ मागणीपर्यंत यायला मला दीड पान लागत असे. आता बारा वाजायच्या आत लिहिलेल्या अर्जात मागणी पहिल्याच परिच्छेदात येऊन उभी राहू लागली. कचेरीतले अव्वल कारकून एकदा बाहेर येऊन प्रकृती ठीक आहे ना, असे विचारून गेले. दुपारच्या जेवणानंतरचे अर्ज पूर्ववत भरघोस असत.

घरी वेगळीच अडचण झाली. आमचे घर विरारला, फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. सौभाग्यवती सकाळी सातला पोहे किंवा उपमा समोर ठेवीत, आणि मी तो खाऊन एसटी पकडीत असे. लग्नापासूनचा हा क्रम होता. पहिल्या सकाळी मी पोह्यांची बशी बाजूला सारली तेव्हा तिने काही म्हटले नाही. दुसऱ्या सकाळी मीठ कमी पडते का, असे विचारले. तिसऱ्या सकाळी ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "रुसला असाल तर सरळ सांगा. माहेरच्या लग्नात तुम्हाला पुढे बसवलं नाही, तेच ना?"

मी डॉक्टरीणबाईंचा आदेश पुन्हा एकदा विशद केला. तो तिला मान्य झाला, पण रात्रीचे जेवण आठच्या आत उरकायचे म्हणजे मी घरात पाऊल टाकताच ताट वाढलेले हवे. तिने कुकर दिवेलागणीच्या आधी लावायला सुरुवात केली. आमच्या मजल्यावरच्या मारवाडी जैन शेजारीणबाईंनी तिला मोठ्या प्रेमाने विचारले की, तुम्हीपण आमच्यासारखे सूर्यास्ताआधी जेवायला लागलात का? सौभाग्यवतीने हो म्हणून टाकले. त्यानंतर त्या घरातून आम्हाला पापड येऊ लागले, आणि ते मी वेळेत बसवून खाल्ले.

एकंदरीत माझे इतके उत्तम चालले होते की मुदतीची वाट न पाहता मध्येच रक्त तपासून डॉक्टरीणबाईंना आश्चर्याचा धक्का द्यावा, असे मी ठरवले. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला होता. मी स्वतःहून रक्त दिले आणि कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आश्चर्याचा धक्का बसला. आकडा किंचित वर गेला होता.

त्यांनी पुन्हा क्रमवार विचारले. सकाळी काही खाता? नाही. रात्री उशिरा? नाही. मधे तोंडात काही टाकता? अजिबात नाही. मग त्यांनी विचारले, "चहा?"

चहा हा खाद्यपदार्थ नाही, असे मी नमूद केले. आदेशात 'खायचे नाही' असे शब्द होते. पिण्याबाबत आदेश मौन होता, आणि मौनाचा लाभ नेहमी अर्जदाराला मिळतो.

"किती चहा?"

"अर्जांच्या संख्येवर अवलंबून आहे."

"आणि साखर?"

"अर्जदाराच्या ऐपतीप्रमाणे," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरले. इथे मला आमच्या कचेरीतली एक रीत सांगितली पाहिजे. अर्ज टंकून झाला, सही किंवा अंगठा झाला, की खिडकीवर जाण्याआधी अर्जदार टपरीवरून अर्जलेखकासाठी एक चहा आणतो. लेखक तो पितो आणि मग अर्ज त्याच्या हाती देतो. त्याला अर्जाचा चहा म्हणतात. ज्याला आपले काम नक्की व्हावे असे वाटते तो टपरीवाल्याला साखर जास्त टाकायला सांगतो. सकाळच्या गर्दीत बारा वाजेपर्यंत असे सहा-सात चहा होत, आणि दर चहाबरोबर माझ्या पोटाची सुट्टी संपून पुन्हा सुरू होत होती.

"काका, हा उपास नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा सरबताचा गाडा आहे. बाराच्या आत फक्त पाणी. नंतरसुद्धा चहा एकच, तो बिनसाखरेचा. नाहीतर ईस्टरला मी गोळ्या लिहून ठेवते आणि डोळे दर सहा महिन्यांनी दाखवा."

या वेळी आदेशात पळवाट नव्हती. मी आनंदाने तो पाळला असता, पण अर्जाचा चहा नाकारणे ही माझ्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. इतर लेखक कोणाचाही चहा पीत. माझे तसे नव्हते. ज्या अर्जात दम नाही, जिथे सातबारा, साक्षीदार आणि कायदा तिन्ही विरुद्ध आहेत, त्या अर्जाचा चहा मी घेत नसे. लिहून देई, मजुरी घेई, पण चहा परत करी, म्हणजे त्या माणसाने उगीच आशा ठेवू नये. या तत्त्वाबद्दल तालुक्यात माझे नाव होते. लोक गावी जाऊन सांगत की अमक्याचा चहा घेतला, म्हणजे काम झालेच. तमक्याचा परत केला, म्हणजे त्याने वकील पाहावा.

परिणाम काय झाला असेल, हे सुज्ञास सांगणे नको. गुरुवारी सकाळी मी पहिला चहा परत केला आणि रेशनकार्डात सुनेचे नाव लावायला आलेल्या निवृत्त मास्तरांचा चेहरा उतरला. काम किरकोळ होते, मी तसे सांगितले, प्रकृतीचे कारण सांगितले. ते मान हलवत राहिले आणि अर्ज घेऊन सरळ दुसऱ्या फाटकाशी बसणाऱ्या अर्जलेखकाकडे गेले. त्या गृहस्थाच्या भाषेबद्दल मी बोलू इच्छित नाही. त्याने तोच मजकूर पुन्हा टंकून दिला आणि चहा प्याला.

सख्ख्या भावाविरुद्ध विहिरीची तक्रार घेऊन आलेला एक शेतकरी, मी चहा घेत नाही हे पाहून बराच वेळ चिंचेच्या पारावर बसला. मग अर्ज घडी करून खिशात घातला आणि भावाशी तडजोड करायला घरी निघून गेला. पाच पानांच्या अर्जाने जे झाले नसते ते एका नाकारलेल्या चहाने झाले. मात्र दर वेळी असे पुण्य पदरात पडत नव्हते. एकेक करून माझे सकाळचे अर्जदार दुसऱ्या फाटकाकडे वळू लागले. भुकेशी माझी ओळख झाली होती. रिकाम्या खुर्चीशी नव्हती. व्हेंडर म्हणाले, घोटभर घे आणि खाली ओत, कोणाला कळतंय. पण एका घोटावर मी थांबणारा नाही, हे मी चांगले ओळखून होतो, आणि वडिलांचे डोळेही घोटाघोटानेच गेले होते.

अशा एका सकाळी राजोडीच्या एक म्हाताऱ्या कोळीणबाई आल्या. किनाऱ्याला लागून एका शहरी माणसाने सुट्टीत राहायला बंगला बांधला होता आणि त्याच्या तारेच्या कुंपणात तिथल्या कोळणींची बोंबील वाळवायची जागा अडकली होती. त्या सांगत होत्या आणि मी टंकत होतो. रिकाम्या पोटाने मी त्या दिवशी जो अर्ज लिहिला, त्याच्यात एकही शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. जागा कोठे आहे, किती पिढ्यांची आहे, वाट कशी बंद झाली, काय हवे. बस. त्यांनी अंगठा दिला आणि उठून टपरीवर गेल्या. ऊन तापले होते. आवारातल्या धुळीपासून चहा जपावा म्हणून ग्लासावर पदर धरून त्या हळूहळू आल्या आणि ग्लास माझ्यासमोर ठेवला. साखर किती होती ते वासावरून कळत होते.

मी ग्लास मागे सारला. त्या खाली जमिनीवरच बसल्या.

"माजा काम व्हनार नाय, असाच ना?"

काम होण्यासारखे आहे, मला चहा वर्ज्य आहे, असे मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माज्या जावेचा चा पन तू परत केलास त्या साली. तिची जागा गेली. मना खोटा सांगू नको, बाला."

त्या जावेचे प्रकरण मला आठवत होते. त्यात खरोखरच दम नव्हता. मी काय सांगणार? मग जे मी एकाही अर्जदाराला सांगितले नव्हते ते त्यांना सांगितले. वडिलांचे डोळे, ते भिंतीकडे तोंड करून पत्र सांगत असत ते, माझे रक्त, ईस्टरची मुदत. व्हेंडर शेजारी स्टॅम्पपेपर चाळीत होते, त्यांचे हात थांबले. वडिलांचे हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

बाईंनी पदराने कपाळ पुसले. मग विचारले, "बापाला शेवटाला दिसत व्हता का काय?"

"उजेड आणि सावली," मी म्हणालो.

त्यांनी हात लांब करून चहाचा ग्लास उचलला आणि शांतपणे, फुंकर घालीत, शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच पिऊन टाकला. पैसे दिले होते, तो वाया घालवण्याचे कारण नव्हते. मग आपल्या टोपलीतली प्लास्टिकची बाटली काढली, ग्लास खळखळून विसळला आणि अर्धा भरून माझ्यासमोर धरला.

"पानी चालता ना? पी. माज्या हातचा कायतरी तुज्या पोटात गेला पायजे. मंग तू माजा अर्ज सोडनार नाय."

मी तो ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि प्यालो. पाण्याला टोपलीतल्या सुक्या बोंबलांचा किंचित वास होता. त्या वासाने सकाळपासून गप्प बसलेल्या माझ्या भुकेने जी काही उसळी घेतली, ती टपरीच्या वड्यांनाही कधी साधली नव्हती. पण पाणी पोटात गेले होते आणि अर्ज माझा झाला होता. मी तो त्यांच्या हाती न देता स्वतः खिडकीवर नेऊन दिला. असे मी यापूर्वी कोणासाठी केलेले नाही.

राजोडीची बातमी बाजाराच्या टोपल्यांतून फिरते. आठवडा जायच्या आत एक माणूस घरून तांब्या घेऊन आला. दुसऱ्याने मडक्यातले गार पाणी आणले. मी प्यालो की त्यांचे चेहरे मोकळे होत. पुढे तलाठ्याने राजोडीला जाऊन कुंपणातून वाट सोडायला लावली, तेव्हा तर पाण्याची किंमत चहापेक्षा वाढली. दुसऱ्या फाटकाकडे गेलेली मंडळी हळूहळू परत वळली. व्हेंडर म्हणाले, "मास्तर, तुझा सगळा धंदा पाण्यात गेला," आणि त्यावर स्वतःच बराच वेळ हसले. खरी पंचाईत टपरीवाल्याची झाली. त्याचा सकाळचा चहा खपेना. माझ्याविरुद्ध तक्रार करावी असे त्याच्या मनात होते, पण अर्ज कोणाकडून लिहून घ्यावा, हा प्रश्न त्याला सुटला नाही. शेवटी मी रोज जेवणानंतर त्याचा एक बिनसाखरेचा चहा घेऊ लागलो, आणि आमचा समेट झाला.

ईस्टरच्या आधीच्या दिवसांत भूक अगदी सभ्य झाली होती. दहाला येई, नमस्कार करून जाई. पण भीती जात नव्हती. रक्त द्यायला गेलो त्या सकाळी मी लॅबच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची सूचना लांबून वाचून पाहिली. मोठी अक्षरे वाचली, मग खालची बारीक वाचली, मग एक डोळा झाकून पुन्हा वाचली. शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला माझ्यापासून थोडे दूर सरकवले.

कागद दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. मी तो उघडला नाही. कचेरीत गेलो, खुर्चीवर बसलो आणि लिफाफा टेबलावर ठेवला. व्हेंडरांनी खिशातून केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेले एक सुकेळे काढून लिफाफ्यावर ठेवले. घरच्या राजेळी केळ्याचे, उन्हात वाळवलेले, मधासारखे गोड. आकडा बरोबर असेल तर खा, नसेल तर मी खातो, असे ते म्हणाले. त्यांचा उपवासकाळ संपला होता आणि तोंडात पहिल्यासारखी तंबाखू होती.

मी कागद काढला आणि मोठ्याने वाचू लागलो. का, ते सांगता येणार नाही. वडिलांना वाचून दाखवत असे त्याच आवाजात, प्रत्येक शब्द उभा करीत, लॅबचा पत्ता, माझे वय, रक्त घेतल्याची वेळ, सगळे. व्हेंडरांनी मला मधे तोडले नाही. आकड्याच्या ओळीशी आलो. तो हद्दीच्या आत होता. आत म्हणजे कुंपणाला टेकून, पण आत. त्याखाली अगदी बारीक टाइपात एक टीप होती, ती इंग्रजीत होती आणि तिचा अर्थ मला पूर्ण लागला नाही. पण अक्षर न् अक्षर दिसत होते. मी तीही वाचली.

"आता खा की," व्हेंडर म्हणाले.

मी घड्याळाकडे पाहिले. बाराला अजून अवकाश होता. मी सुकेळे ड्रॉवरमध्ये ठेवले, कागद घडी करून खिशात घातला आणि समोर ताटकळलेल्या अर्जदाराला बसायला सांगितले. तो अर्नाळ्याहून आला होता, आणि त्याच्या हातात झाकण लावलेला तांब्या होता.